मोरठणच्या एकतीस वस्तू

या, आत या. जरा वाकून या, चौकट ठेंगणी आहे.

या लांब फळीवर मांडलेल्या वस्तू एकतीस आहेत. यांच्यावर काच नाही, पुढे दोरी नाही, हात लावू नका अशी पाटीही नाही. उलट इथला नियम असा की आलेल्या माणसाने निदान एक वस्तू हातात घ्यायची, ती कोणाची ते ऐकायचं आणि ते नाव मोठ्याने म्हणायचं. मगच बाहेर पडायचं. मागे शहरातून संग्रहालयाचे जाणकार आले होते. हाताच्या घामाने लाकूड खराब होतं, म्हणाले. गावाने सांगितलं, होऊ द्या. माणसांच्या हाताने झिजलेलं चालेल आम्हाला.

मागच्या खोलीतलं सगळं काचेत आहे. मिठागराचे फोटो, शाळेची जुनी हजेरीपुस्तकं, लग्नात धवले म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेटी. ते गावाने गेल्या वीस वर्षांत घरोघर फिरून जमवलं. पण आमच्या कांदळखार गावाच्या या संग्रहाला सुरुवात झाली ती या फळीपासून, आणि ती कोणी हौसेने केलेली नाही. ती एका बाईने सूड म्हणून केली.

मी विश्वनाथ राखणे. वय चौऱ्याहत्तर. ज्या माणसामुळे या वस्तू इथे आल्या, त्याच्या वंशातला मी. ही गोष्ट आमच्या घरच्या माणसानेच सांगायची असते, दुसऱ्याने सांगितलेली चालत नाही.

आता खिडकीतून खाली बघा. कांदळवनाच्या अलीकडे तो सपाट, मोकळा तुकडा दिसतो ना, तिथे मोरठण नावाची वाडी होती. सतरा घरं, सगळी आगऱ्यांची. पेशवाईचा शेवट की इंग्रजांची सुरुवात, नक्की कोणी सांगत नाही, पण तेव्हा हे वरचं गाव, खालची भातशेती आणि खाडीपर्यंतचा सगळा मुलूख एका खोताच्या हुकमाखाली होता. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे लांब बांध घातलेले असत. एक बांध खोताच्या शेताला, दुसरा त्याच्याच रांगेत पुढे मोरठणला. मोरठणचा बांध वाडीतल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाट्या वाहून घातलेला होता. खोताचा बांध घालायलाही तेच लोक जात, फक्त ते वेठीला.

वाडीत ठमाबाय नावाची सुईण होती. खालच्या वाडीतली आणि वरच्या गावातली सगळी बाळंतपणं तिच्या हातची. कोण कोणाचं कितवं, कोण पायाळू, कोणाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, हे तिला तोंडपाठ असे. वाडीत जन्मलेलं एकही पोर असं नव्हतं ज्याला पहिल्यांदा तिने धरलं नव्हतं.

त्या वर्षी भाद्रपदात तिची मुलगी आवडी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. नवव्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. सकाळी खोताकडून सांगावा आला की सूनबाईच्या पोटात कळा सुरू झाल्यात, ताबडतोब या. घरची बाळंतीण सोडून ठमाबायचा पाय निघेना. आवडीच म्हणाली, "जा ना आये. मी आहे की बरी. तिकडे पहिलटकरीण आहे."

ठमाबाय टेकाड चढून वर आली.

आता भाद्रपदातल्या अमावस्येचं उधाण कसं असतं ते खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. भरती भर दुपारी येते. त्यात चार दिवस वारा सुटला होता. खोताने मोरठणचे झाडून सगळे धडधाकट पुरुष आपल्या बांधावर माती टाकायला बोलावून घेतले. वाडीत राहिल्या बायका, पोरं, म्हातारे. खोताचं भात फुलोऱ्यावर होतं. दुपार झाली तसं पाणी बांधाच्या माथ्याला लागलं, आणि खोताला कळून चुकलं की आपला बांध टिकत नाही.

मग त्याने धोंडू नावाच्या आपल्या माणसाला बाजूला घेतलं. "तिकडचा फोडा," एवढंच म्हणाला. मोरठणचा बांध फुटला की पाणी तिकडे वळेल आणि इकडचा जोर उतरेल, असा त्याचा हिशोब. धोंडू आणि आणखी तिघे फावडी घेऊन गेले. मोरठणचे पुरुष दुसऱ्या टोकाला, पाठ वळवून, खोताच्या शेतासाठी माती वाहत होते.

त्याच वेळी इथे वर, खोताच्या घरात, ठमाबाय खोताच्या सुनेपाशी बसली होती. मूल अडलं होतं. बाहेर आलं तेव्हा निळं पडलेलं, रडेना. ठमाबायने त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, पुन्हा फुंकर घातली. शेवटी ते रडलं. मुलगी होती. ठमाबायने तिला आईच्या कुशीत दिलं आणि हात धुवायला मागच्या पडवीत आली.

तिथून मोरठणची सतरा छपरं दिसत असत. त्या दिवशी सपाट पाणी दिसलं.

ती ओरडली नाही, असं सांगतात. तिच्या हातातला तांब्याही पडला नाही. घरातली मोलकरीण म्हणाली, "बाय, खाली बस." ठमाबाय बसली नाही. तिने हात नीट धुतले, पदराला पुसले आणि टेकाड उतरू लागली.

एकतीस जीव गेले. त्यात तिचा नवरा होता, अंगात ताप म्हणून वेठीला न गेलेला. आवडी होती. आवडीचं नऊ दिवसांचं मूल होतं. तिघे पुरुष पाणी दिसताच बांधावरून धावत सुटले होते, ते वाडीपर्यंत पोचले पण परत आले नाहीत.

ओहोटी लागल्यावर उरलेल्या पुरुषांनी बांध पाहिला. पाण्याने बांधाला खांड पडते तेव्हा ती खालून पोखरत जाते, कडा ढासळलेल्या असतात. इथल्या कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. ते पाहून ठमाबाय खोताच्या दारात गेली.

"बांध कोणी फोडला?" तिने विचारलं.

"समुद्राने," खोत म्हणाला.

"समुद्राच्या हातात फावडं कोणी दिलं?"

खोताने दार लावून घेतलं.

पुढे आठ दिवसांनी सरकारी अधिकारी पाहणीला आला. खोताने त्याला सांगितलं की खाली वस्ती अशी नव्हतीच, पावसाळ्यात मासे धरायला येणाऱ्या फिरस्त्यांच्या चार खोपी होत्या, त्या वाहून गेल्या. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं आणि जेवून गेला. वाचलेल्या पुरुषांना खोताने देवीच्या पायरीवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं की बांध आपोआप गेला. ज्यांनी हात ठेवला नाही त्यांना गावात थारा उरला नाही. ते सगळे खाडी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला गेले. मग खोताने दवंडी पिटवली की मोरठण हे नाव जो घेईल त्याला गाव सोडावं लागेल. दोन पावसाळे गेले आणि खरंच ते नाव कोणाच्या तोंडात राहिलं नाही.

ठमाबाय मात्र गेली नाही. पलीकडे तिची धाकटी बहीण दिलेली होती, ती न्यायला आली. ठमाबायने तिला परत पाठवलं. देवळामागे खोप बांधून ती राहिली. रोज ओहोटीला ती मोरठणच्या चिखलात उतरायची आणि हाताने चिखल उपसायची. खोताला वाटलं, बाई भ्रमिष्ट झाली. त्याने हसून सोडून दिलं. त्याची पहिली चूक ती.

चिखलातून तिला काय काय मिळालं ते तुमच्यासमोर आहे. हा जात्याचा खुंटा, हिरूचा. ही कालवण वाढायची करवंटीची डवली, भागी म्हातारीची. ही जाळ्याला लावायची मातीची वजनं, पदू नाखव्याची. हे अडकित्त्याचं अर्धं पातं. हा उंबरठ्याचा तुकडा, यावर तांदळाच्या पिठाची रेघ ओढणारी ठकी चौदा वर्षांची होती. प्रत्येक माणसामागे एक वस्तू सापडेपर्यंत ठमाबाय थांबली नाही. वस्तू धुऊन ती उन्हात ठेवायची आणि म्हणे तिच्याशी बोलायची. काय बोलायची ते एकाच बाईने ऐकलं आणि तिने ते पुढे सांगितलं. ठमाबाय म्हणायची, "त्याने तुमचं नाव पुसलं. त्याच्याच तोंडातून मी ते एकेक करून काढीन. आणि त्याचं नाव कोणाच्या तोंडात राहू देणार नाही."

पण वस्तू ठेवायच्या कुठे? खोपीत ठेवल्या तर खोताची माणसं खाडीत फेकणार. एकदा त्यांनी फेकल्याही. दोन दिवस पाण्यात राहून तिने त्या परत काढल्या.

मग तिने वेगळीच वाट धरली. वरच्या गावात बाळंतपणं काही थांबली नव्हती आणि सुईण तीच एक. बाळंतीण सुटली की लुगडं-चोळी आणि तांदूळ द्यायचा रिवाज होता. ठमाबायने तो घेणं बंद केलं. ती ओटीतून एखादी वस्तू काढायची आणि बाळंतिणीच्या उशाशी ठेवायची. "मला काही नको. ही तुझ्या घरात सांभाळ. ही कोणाची ते मी सांगते, तू लेकराला सांग. लेकरू बोलायला लागलं की पहिली पाच नावं शिकवशील ना, त्यात हे एक शिकव."

कोणती बाई नाही म्हणेल? मूल नुकतंच हातात दिलेलं असे. शिवाय बायकांना सगळं ठाऊक होतं. त्यांचेच नवरे त्या दिवशी बांधावर उभे होते आणि त्यांनी तोंड शिवून घेतलं होतं.

एकेक करत वस्तू गावात शिरल्या. कोणाच्या उतरंडीत, कोणाच्या कणगीत, कोणाच्या देवघराच्या मागे. पुरुषांनी बाळंतिणीच्या खोलीत डोकवायचं नसतं, त्यामुळे खोताला पत्ता लागला नाही. ज्या मोरठणचं नाव घ्यायला बंदी होती, ते मोरठण त्याच्या डोळ्यांदेखत घराघरांत राहायला आलं.

पहिलीच वस्तू कुठे गेली होती माहीत आहे? खोताच्याच घरी. सुनेला, उमाबाईला, मुलगी पाळण्यात असतानाच ठमाबायने आवडीची फणी दिली होती. उमाबाईने ती पाळण्याच्या गादीखाली ठेवली. सासऱ्याचं 'तिकडचा फोडा' तिने ऐकलं नव्हतं, पण आपली मुलगी श्वास घेत नव्हती तेव्हा कोणाची आई तिच्यापाशी बसली होती, हे ती विसरली नाही. मुलीचं नाव सगुणा ठेवलं.

सगुणा तीन वर्षांची असताना तापाने आकडी येऊ लागली. वैद्याने हात टेकले. उमाबाईचा नवरा आदल्याच वर्षी वारला होता, घरात हे एकच मूल. खोताला ठमाबायला बोलावणं पाठवावं लागलं. ती आली तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला. गावात सगळे हेच बोलत होते की आज ती पोरीचा गळा दाबणार.

ठमाबाय म्हणाली, "बाजूला व्हा, खोत. भिऊ नका. तुमचं घर मला जगायला हवंय. घर मेलं तर सांगायला कोण राहील?"

खोताला त्याचा अर्थ लागला नाही. तीन दिवस ती पोरीच्या उशाशी बसली. ताप उतरला. जाताना तिने काही घेतलं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही.

बांध फुटल्याला बारा वर्षं झाली. खोताने मोरठणच्या जागेवर नवा बांध घातला, जमीन गोडी केली आणि तिथे पहिलं भात काढलं. खाजणातून, म्हणजे खाऱ्या चिखलातून, नवी शेती उठवली म्हणून सरकारकडून त्याला मानाचं पागोटं मिळणार होतं. कार्तिकातला दिवस ठरला. अधिकारी आला, अंगणात मांडव पडला, सगळं गाव जेवायला बोलावलं. नव्या भाताचे ढीग घातले होते.

पागोटं तबकात आणलं तेवढ्यात घरातून सगुणा बाहेर आली. बारा वर्षांची पोर. तिने सरळ जाऊन तबकापुढे एक फणी ठेवली.

"हे काय आहे?" खोताने विचारलं.

"आवडीची फणी आहे, आजोबा."

"कोण आवडी?"

"ठमाबायची आवडी. मोरठणची."

बारा वर्षांत ते नाव त्या अंगणात पहिल्यांदा उच्चारलं गेलं. खोताचा हात पोरीवर उठला, पण तोवर मागून तेल्याची सून आली होती. तिच्या बोटाला धरून पाच वर्षांचं पोर. पोराने खुंटा ठेवला आणि घोकलेलं म्हणून दाखवलं, "हिरूचा. हिरू मोरठणची." त्यांच्यामागे सुताराची बायको. त्यामागे गुरवाची. मांडवाच्या कडेला उभ्या ठमाबायने त्यांना हाच दिवस सांगून ठेवला होता. पंक्तीत बसलेल्या पुरुषांच्या देखत त्यांच्याच बायका आणि त्यांचीच पोरं एकेक करत येत होती. अधिकारी पहिल्यांदा वैतागला, मग त्याने लिहिणाऱ्याला खूण केली.

"सगळी सोंगं आहेत," खोत म्हणाला. "कुठलंही भांडं आणून कोणाचंही नाव सांगता येतं. तिथं वस्तीच नव्हती."

तेव्हा पंक्तीतून धोंडू उठला. त्याच्या तिन्ही मुलांना ठमाबायने धरलं होतं. तो घरी गेला आणि फावडं घेऊन आला. इतर वस्तूंच्या शेजारी ठेवायला तो वाकला, पण ठमाबायने त्याला अडवलं. "त्यांच्यात नको. लांब ठेव."

धोंडूने ते लांब ठेवलं. "हे माझं," तो म्हणाला. "याने मी मोरठणचा बांध फोडला. यांनी सांगितलं म्हणून. आत पोरं आहेत हे मला माहीत होतं. यांनाही माहीत होतं."

ते फावडं त्या कोपऱ्यात उभं आहे. ते एकतीसात मोजत नाहीत.

खोती त्याच दिवशी गेली. अधिकाऱ्याने खोताला बांधून न्यायची तयारी केली. फाशीच होईल, असं तो म्हणाला. सगळ्यांना वाटलं, ठमाबाय आता तरी रडेल, हात जोडेल. ती पुढे आली आणि म्हणाली, "साहेब, याला नेऊ नका."

"तुला याची दया येते?"

"दया?" ठमाबाय म्हणाली. "फाशी दिलीत तर हा एकदाच मरेल. एकतीस वेळा कोण मरणार?"

तिने मागितलं ते असं. या घराच्या ओटीवर वस्तू मांडायच्या. खोताने रोज सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्यांच्याशेजारी बसायचं. वाटेने जाणारं कोणीही, अगदी पोरगं किंवा भिकारीसुद्धा, आत येईल, वस्तू उचलेल आणि विचारेल. खोताने सांगायचं. आणि त्याला कोणी नावाने हाक मारायची नाही.

अधिकाऱ्याने ते मान्य केलं. ही ती ओटी. आपण उभे आहोत तीच. पुढे भिंत घालून तिची खोली केली.

खोत अकरा वर्षं इथे बसला. पहिल्या दिवशी तो बोलला नाही. म्हणे संध्याकाळी त्याने पाणी मागितलं आणि घोट घेऊन थुंकून टाकला, पाणी खारट होतं. दुसरा तांब्या आणला, तोही खारट. त्याच्या घरच्या विहिरीचं गोड पाणी फक्त त्याच्या तोंडाला खारट लागायचं. तिसऱ्या दिवशी तहानेने त्याची जीभ सुजली. तेव्हा त्याने खुंटा हातात घेतला आणि म्हणाला, "हिरूचा." तेवढा एक घोट गोड लागला. रोज जेवढी नावं घेईल तेवढे घोट. हे खरं की खोटं मला विचारू नका, मी जसं ऐकलं तसं सांगतो. विहीर मात्र मागे आहे आणि तिचं पाणी आमच्या घरचं कोणी पीत नाही.

आता ही शेवटची वस्तू बघा. लाकडी खुळखुळा. ठमाबायच्या नवऱ्याने नातवंडासाठी कोरला होता. नऊ दिवसांच्या पोराच्या मुठीत तो कसा मावणार? तो पाळण्याला बांधलेला होता. ही एक वस्तू ठमाबायने कोणाच्या घरी दिली नव्हती. ती तिने स्वतःजवळ ठेवली होती आणि त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी स्वतःच्या हाताने इथे मांडली.

ठमाबाय रोज तिसऱ्या प्रहरी यायची. बाकी काही विचारायची नाही. खुळखुळा उचलायची.

"हा कोणाचा?"

"आवडीच्या मुलीचा."

"नाव काय तिचं?"

"नाव नव्हतं."

"का नव्हतं?"

"बारसं व्हायचं होतं."

"मग का झालं नाही?"

आणि खोताला म्हणावं लागायचं, "मी बांध फोडला."

रोज, अकरा वर्षं. सणावाराला, त्याच्या बायकोच्या तेराव्याला, सगुणाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. वऱ्हाडी मांडवात उभे होते आणि ठमाबाय खुळखुळा घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. लोक म्हणाले, बाय, आजचा दिवस सोड. ती म्हणाली, "त्याने दिवस पाहिला होता का?" खोताने नातीच्या अक्षता हातात धरून ती चार उत्तरं दिली.

शेवटी तो अंथरुणाला खिळला. बोलणं जात चाललं होतं. ठमाबायही तोवर वाकून गेलेली, काठी टेकत आली. खोताने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ठमा, आता तरी भागलं का?"

तिने खुळखुळा त्याच्या उशाशी ठेवला. "अजून नाही," ती म्हणाली. त्या दोन शब्दांवर त्याने डोळे मिटले.

त्याचं नाव कुठेही नाही. चितेपाशी घेतलं गेलं नाही, पिंडाला घेतलं गेलं नाही. सगुणाने घरातल्या कागदांवरून ते खरवडून काढलं. तिचा नवरा घरजावई होऊन आला, त्याने सासरचं आडनाव लावलं नाही, आपलंही लावलं नाही. लोक या घराला वस्तू राखणारे म्हणायचे, तेच आमचं आडनाव झालं. तुमच्यासारखे लोक मला नेहमी विचारतात, त्या खोताचं नाव काय हो? मला खरोखर माहीत नाही. तो माझ्या रक्ताचा आहे आणि त्याला काय म्हणायचं हे मला माहीत नाही. हा ठमाबायचा सूड. तो तिने पुरता उगवला.

ती गेली त्या वर्षीपासून एक रीत पडली. दर सर्वपित्रीला, भरतीच्या वेळी, पलीकडच्या किनाऱ्यावरून ठमाबायच्या बहिणीच्या वंशातलं कोणीतरी येतं. आमच्या घरचा कर्ता एकतीस वस्तू त्यांच्या हातात देतो, सगळी नावं सांगतो, खुळखुळ्याची चार उत्तरं देतो. मग हात जोडून विचारतो, "आता तरी भागलं का?" ते जे सांगतील ते.

गेल्या वर्षी प्रणाली आली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी, एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. तिचे वडील थकले म्हणून ती पहिल्यांदाच यायची होती. आधी तिचा फोन आला. म्हणाली, "काका, दोनशे वर्षं होत आली. तुमचा यात काय दोष? यंदा मी भागलं म्हणून टाकणार. आमच्या घरीही सगळ्यांना पटलंय."

मी कोणाला बोललो नाही. पण खोटं कशाला सांगू, त्या आठवड्यात मी फळी दोनदा धुतली. मुलाला नवा सदरा आणायला सांगितलं. माझ्या बापाने अठ्ठेचाळीस वर्षं विचारलं होतं आणि त्याच्या आज्याने त्याहून जास्त. माझ्या हातून ते संपणार होतं.

प्रणाली आली. फार गोड मुलगी. माझ्या पाया पडली, मीच मागे सरलो. तिने एकेक वस्तू घेतली, एकेक नाव म्हटलं. घाई केली नाही. शेवटी खुळखुळा घेतला. तो तिने बराच वेळ तळहातावर धरला, वजन बघितल्यासारखा. रोज कितीतरी नऊ दिवसांची मुलं पाहत असेल ती.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं. आवाज आधीसारखा नव्हता.

"नाव नव्हतं."

"का नव्हतं?"

"बारसं व्हायचं होतं."

"मग का झालं नाही?"

मी म्हटलं, "आम्ही बांध फोडला."

आमच्या घरी 'त्याने' म्हणत नाहीत, 'आम्ही' म्हणतात. ते सगुणाने घालून दिलेलं आहे. मग मी हात जोडले आणि विचारलं, "आता तरी भागलं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते तिचे. बाहेर भरतीचं पाणी कांदळांत शिरल्याचा आवाज येत होता. तिला म्हणायचं होतं हो, मला दिसत होतं.

"काका," ती म्हणाली, "नाही येत तोंडातून. अजून नाही."

खुळखुळा जागेवर ठेवून ती चप्पल घालून टेकाड उतरून गेली. मी पाणी विचारलं नाही. ते कोणी पीत नाही.

मला तिचा राग आला नाही. वाईट वाटलं, ते वाटणारच. मी सगळ्या वस्तू पुसून परत लावल्या. यंदा भाद्रपद जरा लवकर आहे, माझे गुडघे साथ देतील. नाहीतर मुलगा विचारेल, त्याला उत्तरं येतात. आजही आमच्या घरात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी आम्ही बारसं करत नाही. आधी त्याला इथे आणतो, हा खुळखुळा त्याच्या अंगाला लावतो आणि तेराव्या दिवशी नाव ठेवतो. तो एक दिवस तिचा.

हं, आता तुमच्यातलं कोण पुढे येतंय? घ्या, कोणतीही एक वस्तू घ्या हातात. आणि विचारा मला, ही कोणाची.